लाल टाका

लाकडी खेळणी करणारा छापखान्याच्या रांगेत उभा होता. हातातल्या कागदावर सोनेरी सिंह होता नि खाली भलंथोरलं इंग्रजी नाव. त्याच्या पुढे पिशव्या शिवणारी मावशी आणि तिची भाची यांची चांगलीच जुंपली होती.

“मावशी, ब्रँडला भारदस्त नाव हवं. ‘रॉयल’ तरी घाल!”

“पिशवीत भरायचे कांदेबटाटे, आणि म्हणे रॉयल!”

“मग लोक तुला ओळखणार कशावरून?”

“काल एका बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, ती लाल टाक्याची पिशवी तुम्हीच शिवता ना?”

“लाल टाक्याची?”

“अगं, एकदा ऐन वेळी काळा दोरा संपला, तेव्हा पिशवीचे बंद लाल दोऱ्याने शिवले. मग हाताला तीच सवय लागली.”

“आणि मी तुला ते उसवायला सांगत होते!”

“ऐकलं का मी तुझं?”

“मावशी, तोच छापू या. एक लाल टाका, खाली तुझं नाव.”

“माझं साधंच नाव? चालेल?”

“धावेल!”

काम देऊन दोघी हसत बाहेर पडल्या.

“हं, तुमचं काय छापायचंय?” छापखानेवाल्याने खेळणीवाल्याला विचारलं.

त्याने सिंहाची घडी घालून खिशात टाकली.

“आज राहू दे. पोरं माझ्या घोड्याला काय म्हणतात, ते आधी विचारून येतो.”