जतीनभाई तटस्थ आहेत

…आणि वर लोक मलाच म्हणतात, एवढं काय मनाला लावून घेतलं. अहो, तुम्हाला सांगतो, दुकानाची पाटी झाकली की दुकानदार झाकला. डहाणू रोडला स्टेशनसमोर माझं ताडपत्री-दोरीचं दुकान, ऐन भातझोडणीच्या दिवसांत नगरपरिषदेची निवडणूक, आणि एका उमेदवाराचा हात जोडलेला फ्लेक्स नेमका माझ्या दुकानाच्या तोंडावर! तलासरीचा भीमा, बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, दोनदा पुढून गेला, शेवटी नाक्यावरून ताडपत्री घेऊन घरी. फोनवर म्हणतो, "शेट, दुकान विकलं का उमेदवाराला?"

गेलो शेजारी जतीनभाईंकडे. साड्यांचं दुकान, त्यात व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. म्हटलं, दोन शब्द बोला, फ्लेक्स जरा सरकवायला लावा. त्यांनी साडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली… "बोललो असतो, तुषारभाई. पण मंडळ कोणाच्या बाजूचं नाय. आपण तटस्थ हां."

केवढा सोज्वळ शब्द, नाही का? मी समजत होतो, तटस्थ म्हणजे दोन्ही बाजूंना सारखंच सुनावणारा. जतीनभाईंच्या दुकानात अर्थ निघाला, दोन्ही बाजूंना सारखाच घाबरणारा. तट म्हणजे किनारा ना? मग चिंचणीच्या किनाऱ्यावर, होडी उलटलेली असताना, 'आम्ही तटस्थ' म्हणून हाताची घडी घालून उभे राहून दाखवा… कोळणी बोंबील सोडून तुम्हालाच वाळत घालतील.

गप्प बसलो. पण गप्प बसणं वेगळं, विसरणं वेगळं. आठवडा गेला नाही तोच दुसऱ्या उमेदवाराचं प्रचार कार्यालय जतीनभाईंच्या दारात, आणि भोंगा थेट काउंटरकडे. बाई साडीचा भाव विचारणार, जतीनभाई सांगणार, आणि मधेच भोंगा, "यांना धडा शिकवा!" आले धावत. "तुषारभाई, चला ना, दोघं मिळून सांगू." मी खुर्ची दिली, चहा मागवला, आलं घालून… मग दोरीचं बंडल उलगडलं, गुंडाळलं, पुन्हा उलगडलं. "आलो असतो, जतीनभाई. पण आपण तटस्थ हां." असा चहा आयुष्यात प्यालो नाही.

आणि निकाल? एक जिंकला, दुसरा हरला, आणि हरलेला लगेच जिंकलेल्याच्या गाडीत. आता दोघांच्या अभिनंदनाचा एकच फ्लेक्स, माझ्या दुकानापासून जतीनभाईंच्या दुकानापर्यंत, सलग. बांधायला दोरी कमी पडली तर पोरं माझ्याकडेच आली, "शेट, तुम्ही तटस्थ ना? मग आम्हाला नाही कसं म्हणाल?" दिली.

हल्ली भरदुपारी दिवे लावून बसतो दोघं. काल जतीनभाई हळूच म्हणाले, "तुषारभाई, हा काढायला कोणाला सांगायचं?"

म्हटलं, "मंडळाच्या अध्यक्षांना सांगून बघा. पण ते तटस्थ आहेत हां."