ढग्याची आतली लव

लेक : हे सगळे केस एकट्या ढग्याचे? पोतं भरलंय, बाबा. याच्यात अजून एक कुत्रा होईल.

बाबा : आज कमीच आहेत. ऊन तापायला लागलं तेव्हा यायला हवं होतंस. सोफ्यावर केस, उशीवर केस, पाण्याच्या पेल्यात केस. दादा ऑफिसला निघायचा तर काळी पँट पांढरी झालेली.

लेक : दादा वैतागलाय, एवढं वहिनी फोनवर बोलली होती. पण ढग्याला तुम्ही विंचरता, हे कुणी सांगितलं नाही मला.

बाबा : मीच सांगू दिलं नाही. म्हटलं, आधी जमू दे.

लेक : मागच्या वेळी मी इथून परत गेले तेव्हा तुमच्या उजव्या हातात चमचा राहत नव्हता.

बाबा : अर्धांगाचा झटका आला आणि हाताची ताकद घेऊन गेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता, दाबत बसा म्हणून. जन्मभर रंधा मारला मी, आता चेंडू दाबत बसू? ढग्यापुढे टाकला. त्याने दुपारपर्यंत त्याचा भुगा केला.

लेक : मग हे विंचरायचं कुठून निघालं?

बाबा : दादाच्या मनात होतं, मशीन फिरवून याला सफाचट करायचं. जनावरांचे डॉक्टर नको म्हणाले. याच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि आत मऊ लव. उन्हाळ्यात लव सुटते, तेवढीच काढायची. वरचे केस त्याला उन्हापासून राखतात, कापले तर पुन्हा धड येतीलच असं नाही. तेव्हा दादा म्हणाला, रोज विंचरणार कोण? ओळखीच्या एकांचं शेत आहे, तिथे मोकळा राहील.

लेक : म्हणजे देऊनच टाकायचा?

बाबा : त्याचंही काय चुकलं? माझं सगळं करायचं, नोकरी करायची, वर घरभर केस. मी म्हटलं, "मी विंचरतो." दादाने माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. त्या सकाळी माझ्या शर्टाची बटणं त्यानेच लावली होती.

लेक : हसला नाही ना?

बाबा : हसला असता तर बरं वाटलं असतं. शेवटी तुझी वहिनीच म्हणाली, "चला बाबा, दुकानात जाऊन येऊ."

लेक : आणि हे दाताळं निवडलंत. बागेत पालापाचोळा ओढतात, त्याचं पिल्लू दिसतंय.

बाबा : दुकानदाराने आधी चकचकीत पात्याचं एक अवजार काढलं होतं. एकदा फिरवा, ढीग निघेल म्हणाला. मी माझ्या मनगटावरच्या केसांवर ओढून बघितलं. सुटे केस निघतात, पण जोर जास्त पडला तर चांगलेही कापले जातात. आणि माझ्या हाताला जोराचा अंदाज कुठे राहिलाय? परत दिलं. मग हे दाखवलं. दात लांब, टोकं गोल. गालावर दाबून पाहिलं, टोचलं नाही. हे वरच्या केसांतून आत जातं आणि सुटलेली लव ओढून आणतं.

लेक : मूठ मात्र दुकानातली वाटत नाही.

बाबा : दुकानातली बोटाएवढी होती, हातातून सटकायची. माझ्या हत्यारांच्या पेटीत लाकूड तासायच्या मोठ्या पटाशीची मूठ पडून होती, ती बसवली.

लेक : एका हाताने?

बाबा : दादाच्या हाताने. मी सांगत गेलो, तो करत गेला. आयुष्यात पहिल्यांदा गिरमिट धरलं त्याने. मुठीला भोक तिरकं पाडलं, पण मी रागावलो नाही.

लेक : तुम्ही? आणि रागावला नाहीत?

बाबा : दुसरं पाडायला लावलं, एवढंच.

लेक : आणि ढग्या उभा राहिला गुपचूप?

बाबा : आडवा झाला. पहिल्या दिवशी जरा ओढलं की माझा हात लटपटायचा, मी थांबायचो. तो मान वळवून बघत राहायचा. पुन्हा सुरू केलं की मान खाली. लाकडाची रेषा बघून रंधा मारतात ना, तसं केस जातात तिकडेच ओढायचं. एकाच जागी घासायचं नाही, कातडी लाल होते. आता हे बघ, कानामागे. इथे गुंता होतो. इथे दाताळं चालत नाही. केस मुळाशी धरायचे, म्हणजे त्याला ओढ लागत नाही. बोटांनी गुंता सोडवायचा आणि मग रुंद दातांचा कंगवा.

लेक : बोटांनी? या हाताच्या?

बाबा : डाव्याने धरतो, उजव्याने सोडवतो. व्यायामाच्या बाई बघून गेल्या. म्हणाल्या, चेंडू राहू दे, हेच चालू ठेवा.

लेक : बाबा, आज शर्टाची बटणं कुणी लावली?

बाबा : मीच. गळ्याजवळचं तेवढं राहिलंय. ते तू लाव.

(ती बटण लावते. ढग्या कूस बदलून दुसरी बाजू वर करतो.)

लेक : आणि शेताचं काय झालं?

बाबा : दादा आता नाव काढत नाही. परवा संध्याकाळी ढग्याला फिरवून आणला, तर फाटकाशी एक बाई थांबल्या. त्यांचाही कुत्रा असाच झुबकेदार. विचारत होत्या, याचे केस इतके छान कोण ठेवतं, कुठे नेता याला? मी इथे खिडकीत बसलेलो.

लेक : काय म्हणाला दादा?

बाबा : म्हणाला, "आमचे बाबा करतात. सुतार आहेत."

लेक : मग तुम्ही?

बाबा : मी आतून विचारलं, काय रे, मला नीट ऐकू आलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं.