गोठ्यातली गाडी

हसणार नसाल तर सांगतो. शिरोळला एकाच्या गोठ्यात उभी असलेली जुनी कार बघायला गेलतो. बायको म्हणालेली, "मेस्त्रीला संगट न्या." म्हटलं, "कशाला? मला गाडीतलं कळतंय की!"

टपावर कोंबड्या बसलेल्या. त्या हाकलून मी टायरला लाथ घातली, बॉनेटवर थाप मारली आणि जाणकारासारखी मान हलवली.

मालक म्हणाला, "दोन वर्षं जाग्यावरनं हलली न्हाय बघा."

मी खूश! म्हटलं, "म्हणजे इंजिन अजिबात झिजलं नसणार."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "व्हय की! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, पावणं."

नवी बॅटरी घालून गाडी घरी आणली. घरात गाडी आली की आधी जोतिबाला न्यायची, म्हणून रविवारी सहकुटुंब निघालो. घाटात धूर निघाला आणि गाडी बंद पडली. गुलालानं माखलेल्या लोकांनी "चांगभलं" म्हणत ती कडेला ढकलली. आम्ही चालत वर गेलो.

बायको देवापुढं बराच वेळ हात जोडून उभी. बाहेर आल्यावर विचारलं, "एवढं काय मागितलंस?"

"गिऱ्हाईक," ती म्हणाली. "गाडीतलं तुमच्याएवढंच कळणारं."