आप्पांना सरडा हवाय

सर्जेराव : तुझ्या दुकानातल्या चार पेट्या बघून झाल्या, पोरी. येकबी सरडा खांद्याच्या लायकीचा न्हाई.

प्रतिभा : खांद्यावर कशाला हवाय, आप्पा? औताला जुंपताय का?

सर्जेराव : दौंडच्या आमच्या व्याह्यानं इग्वाना आणलाय. खांद्यावर घिऊन वाढदिवसाचा फ्लेक्स लावला भर चौकात. आता वाढदिवस माझा हाय. इनामगावच्या सर्जेरावानं काय कोंबडं घिऊन उभं ऱ्हायचं?

प्रतिभा : इग्वाना पाच फूट होतो. शेपटीचा फटका बसला तर फ्लेक्सवर थोबाडाला पट्टी लावलेला फोटो येईल. नवख्या माणसानं सोपा घ्यावा. हा बघा, लेपर्ड गेको.

सर्जेराव : लेपर्ड म्हंजी बिबट्या ना? आमच्या उसात फुकाट हायेत. आन् ह्यो येवढासा! लोकं म्हणतील, आप्पाच्या अंगावर पाल पडली.

प्रतिभा : मग हा बिअर्डेड ड्रॅगन. गळ्याखाली दाढी, स्वभावानं गरीब. चावत नाही, ओरडत नाही. दिव्याखाली बसून मान हलवतो, बास.

सर्जेराव : आमच्या सोसायटीचं संचालक हेच करत्यात.

प्रतिभा : म्हणूनच म्हटलं, तुम्हाला सांभाळायची सवय असेल.

सर्जेराव : जिभंला लगाम न्हाई तुझ्या. खातंय काय हे?

प्रतिभा : मेथी, जास्वंदीची फुलं आणि जिवंत किडे. किडे आम्ही इथंच पाळतो. आठवड्याला येऊन न्यायचे.

सर्जेराव : किडं न्यायला शिक्रापूरला येऊ व्हय? रानात नाकतोडं पोत्यानं घावत्यात.

प्रतिभा : फवारलेल्या रानातला एक नाकतोडा पुरे, आप्पा. सकाळी ड्रॅगन उताणा.

सर्जेराव : मला शिकीवती? औषध मारलं की पंधरा दिस त्या रानात मी शेळी सोडत न्हाई. बांधाला लाल फडकं बांधतो. समद्या गावात माझ्या येकट्याच्याच बांधाला दिसंल.

प्रतिभा : नेम चांगला आहे. कधीपासून?

सर्जेराव : आमच्या पोराचं, विश्वजीतचं लगीन झालं त्या सालापासनं. येकदाबी मोडला न्हाई.

प्रतिभा : म्हणजे आमची मेंढरं मेली त्या सालापासून.

सर्जेराव : कुणाची?

प्रतिभा : हरिबाची. मी त्यांची धाकटी, प्रतिभा. लग्नाच्या गडबडीत तुम्हीच निरोप धाडलात. कोबी काढून झालाय, पाला चारा, मेंढरं बसवा, रानाला खत होईल. सकाळपर्यंत एकतीस गेली.

सर्जेराव : तवा साथ आली व्हती.

प्रतिभा : साथ आली म्हणून कुणी बांधाला फडकं बांधतं का?

सर्जेराव : आता जुनं कशाला उकरतीस...

प्रतिभा : गावासमोर तुम्ही म्हणालात, हरिबानं रोगट कळप आणला, गावची जनावरं धोक्यात घातली. आबांनी उरलेली मेंढरं दिली सोडून. इतकी वर्षं स्वतःलाच दोष देतायत. तुम्ही दारात आलात तेव्हाच ओळखलं मी, पण आजवर नुसता संशय होता.

सर्जेराव : गड्यानं औषध मारलेलं मला लगीन उरकल्यावर कळलं गं. घर पाव्हण्यांनी भरलेलं, व्याही म्होरं बसलेलं. तोंडच उघडलं न्हाई माझं.

प्रतिभा : आता उघडलंय. आबा मागच्या खोलीत किडे निवडतायत. त्यांना एवढं सांगा, रोग नव्हता. मगच सरडा मिळेल.

सर्जेराव : उद्या फ्लेक्स छापायचाय, पोरी. आज नुसता फोटो काढू दे, सांगायचं मी मागनं बघतो.

प्रतिभा : आबा! जरा बाहेर या.

(हरिबा धोतराला हात पुसत बाहेर येतात.)

हरिबा : कोण, आप्पा? बसा की, उभं का? पोरीनं च्या तरी दिला का न्हाई? बरं झालं घावलात. माझ्या मेंढरांपायी तुमच्या घरच्या कार्यात इघ्न आलं. तुमची माफी मागायची ऱ्हायली व्हती बघा.