सोबत म्हणणारा

थोरला: ...तर पहिला प्रश्न असा आहे, मौलाना साहेब. माणूस समोरच्याच्या मनगटावर बोटांनी टकटक करतो, त्या टकटकीला ठेका आहे, तर मनगट हे वाद्य धरायचं का?

मौलाना: अरे, मला बसू तर दे. मी आजाऱ्याला बघायला आलोय.

थोरला: अब्बांचा डोळा लागलाय. ते उठेपर्यंत एवढं उरकून घेऊ. वही तयार आहे.

धाकटी: त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतो. इकडे पलंगावर बसा, टेकायला लोड आहे. आणि खरंच टेका. त्याच्या वहीत सतरा प्रश्न आहेत.

थोरला: चौदा. तीन माझे मीच सोडवले.

मौलाना: मग उरलेल्यांना माझी काय गरज? बरं, मनगट कुणाचं?

थोरला: अब्बांचं.

मौलाना: आणि टकटक करणारा कोण?

धाकटी: मी. मौलाना साहेब, हा मुळापासून सुरुवात करायची सोडून शेंड्याला लोंबकळतोय, म्हणून मी सांगते. अब्बांना झटका आला, तो डोक्यात डाव्या बाजूला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नाही.

मौलाना: तेवढं कळलंय मला. नमाजनंतर दुआ केली आपण.

धाकटी: तर दवाखान्यात चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मोबाईलवर एक जुनं गाणं लावलं. आणि अब्बा गायला लागले! ज्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, त्यानं दोन कडवी म्हटली. शब्द न शब्द. नर्स हातातला ट्रे तसाच धरून उभी.

मौलाना: सुब्हानअल्लाह.

धाकटी: आणि हा तुमचा मशीद कमिटीचा मेंबर काय करतो? धावत जाऊन त्या माणसाचा मोबाईल बंद करतो.

थोरला: मला तेव्हा माहीत नव्हतं.

धाकटी: मोबाईल बंद झाला, अब्बा बंद झाले. स्विच दाबल्यासारखे.

थोरला: सांगितलं ना, माहीत नव्हतं! नंतर बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला, आणि ती बाजू यांची शाबूत आहे. म्हणून रोजच्या गोष्टी सुरात घालून म्हणायला लावायच्या. चहा, औषध, संडास. म्हणता म्हणता पुढं सूर गळून पडेल आणि बोलणं राहील. राहील असं नाही, राहू शकेल, असं म्हणाल्या.

मौलाना: मग घाला की सुरात. अडलंय कुठं?

थोरला: असं कसं, साहेब? आधी हे ठरायला नको का, की "चहा दे" सुरात म्हटलं तर ते मागणं झालं की गाणं झालं?

मौलाना: चहा मिळाला तर मागणं.

थोरला: आणि नाही मिळाला तर?

मौलाना: तर तू नालायक मुलगा. लिही, लिही. थांबलास का?

धाकटी: हसू नका साहेब, यानं काय काय केलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. दारावरची घंटी चिवचिव करायची, ती काढून भोंगा बसवला. पोस्टमन आला की बॉम्ब पडल्यासारखं वाटतं. कपडे धुवायचं मशीन शेवटी एक धून वाजवतं, म्हणून हा घड्याळ लावून बसतो आणि संपायच्या एक मिनिट आधी बटण बंद करतो. दोन वर्षं या घरात कपडे पूर्ण पिळलेले नाहीत. अब्बा ओला सदरा घालून मशिदीत यायचे.

मौलाना: तरीच मला वाटायचं, तुझे अब्बा नमाजआधीचं हातपाय धुणं, वजू, फार मनापासून करतात.

धाकटी: घे, वाजला तुझा फोन. आता ऐका साहेब. ही ढोलकी ऐकू आली?

थोरला: ती ढोलकी नाही. कुणीतरी तोंडानं काढलेला आवाज आहे. नुसता गळा आहे, वाद्य एकही नाही.

धाकटी: आणि मागं बासरी?

थोरला: तीही तोंडानं.

धाकटी: बासरी तोंडानंच वाजवतात रे, भाई.

थोरला: मौलाना साहेब, तुम्ही हिला काही बोला. मी दीनची, धर्माची गोष्ट विचारतोय आणि ही थट्टा करतेय.

मौलाना: हे बघ, दीनची गोष्ट साधी आहे आणि साधी नाहीसुद्धा. वाद्यांना बऱ्याच जुन्या विद्वानांनी मनाई केली आहे, ते खरं. काहींनी दफ, म्हणजे आपला डफ, तेवढा चालवून घेतला. काही म्हणाले, शब्द स्वच्छ असतील आणि माणूस नमाज विसरत नसेल, तर नुसत्या गळ्याला हरकत नाही. काही त्याच्याही पुढं गेले. शेकडो वर्षं वाद चाललाय, आणि दोन्हीकडची माणसं माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा शहाणी होती. पण त्यातल्या एकानंही लकवा झालेल्या म्हाताऱ्याचा चहा अडवलेला माझ्या वाचनात नाही.

थोरला: मग हे मला लेखी द्या.

मौलाना: लेखी कशाला?

थोरला: कमिटीत कुणी विचारलं तर.

मौलाना: कमिटीत संगीताबद्दलची नोटीस कुणी लावली होती?

थोरला: मी.

मौलाना: म्हणजे तू तुलाच विचारणार, आणि तुलाच दाखवायला मी लिहून देऊ? नाही बाबा. माझंही पोट त्या कमिटीवर आहे. मी तोंडी सांगितलं, तू कानानं ऐकलंस, विषय संपला.

धाकटी: वा! म्हणजे तुम्हीसुद्धा घाबरता.

मौलाना: घाबरत नाही. जपून असतो.

धाकटी: अब्बा तुमच्याबद्दल बरोबर म्हणायचे.

मौलाना: काय म्हणायचे?

धाकटी: जाऊ द्या.

मौलाना: नाही, सांग ना. अजानबद्दल काही?

धाकटी: म्हणायचे, मौलानांचा आवाज गोड आहे, पण दुपारच्या वेळी वर जाताना हलतो.

मौलाना: दुपारच्या वेळी? रोज? की एखाद दिवशी? मला घशाचा त्रास होता तेव्हा थोडं... आणि अजान म्हणजे काही गाणं नव्हे, तिथं सूर बघायचा नसतो! पण कुठं हलतो म्हणायचे? सुरुवातीला की शेवटी?

धाकटी: ते उठले की विचारा. चालीत उत्तर देतील.

थोरला: माझा पाचवा प्रश्न त्याच चालीबद्दल आहे. बाई म्हणाल्या, ओळखीची चाल घ्या. आता अब्बांच्या ओळखीच्या चाली कुठल्या? सगळ्या प्रेमाबिमाच्या. एक तर अशी आहे की नायिका निघून चाललीय आणि नायक तिला अडवतोय. त्या चालीवर अब्बा परवा "लघवीला, लघवीला" म्हणाले.

मौलाना: नायिका थांबली का?

थोरला: साहेब!

मौलाना: बरं, बरं. मग काय केलंस?

थोरला: मी म्हटलं, चालच बदनाम आहे, तर आपण कोरी चाल वापरू. जिचा कशाशी संबंध नाही. म्हणून मी स्वतःच एक बसवली.

मौलाना: तू चाल बसवलीस?

थोरला: दोनच सुरांची. तिसरा सूर लागला की गाणं होतं, असं मी धरलं.

धाकटी: तीन दिवस बसला होता गच्चीवर. ज्यानं घरातली घंटी बंद केली, तो संगीतकार झाला!

मौलाना: आणि अब्बा म्हणाले ती चाल?

धाकटी: एकदा ऐकली आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. जेवलेसुद्धा नाहीत.

थोरला: ते त्यांना बरं नव्हतं म्हणून.

धाकटी: शिंप्याचा कान आहे तो, भाई. चाळीस वर्षं शिलाई मशीनच्या पायट्याच्या ठेक्यावर गायलेला माणूस. त्यांना दोन सुरांत कोंबलंस तू.

मौलाना: खरंय. त्यांच्या दुकानासमोरून जाताना मी मुद्दाम हळू चालायचो. पण अलीकडं ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, वयामुळं असेल.

धाकटी: वयामुळं नाही. दोन वर्षांपूर्वी यानं सांगितलं, अब्बा, हे गाणं बंद करा, मला कमिटीत मान खाली घालावी लागते. अब्बांनी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं शिवायला लागले. लोक म्हणतात झटक्यानं त्यांचं बोलणं गेलं. झटका आता आला, मौलाना साहेब. बोलणं तेव्हाच कमी झालं होतं.

थोरला: तू इथं नव्हतीस. उगीच बोलू नकोस.

धाकटी: नव्हते. फोनवर होते. दर शुक्रवारी मी विचारायचे, अब्बा, आज काय गायलात? तर ते म्हणायचे, आज गिऱ्हाईक फार होतं.

मौलाना: पुढचे प्रश्न वाच.

थोरला: सहावा, गुणगुणणं. सातवा, शीळ. आठवा, बाई स्त्री आहेत आणि त्या...

मौलाना: ते सगळं सोड. चौदावा वाच.

थोरला: क्रमानं जाऊ ना.

मौलाना: मघापासून बघतोय, शेवटचं पान आलं की तू अंगठ्यानं झाकतोस. चौदावा वाच.

थोरला: तो नीट लिहिलेला नाही.

धाकटी: आण इकडं, मी वाचते. "सोबत म्हणणाऱ्याचं काय?" एवढंच आहे. पुढं नुसत्या रेघा मारल्यात.

मौलाना: सोबत कोण म्हणतं?

धाकटी: म्हणावंच लागतं. बाईंची पद्धतच तशी आहे. समोर बसायचं, डावा हात हातात घ्यायचा, त्यावर ठेका धरायचा आणि दोघांनी मिळून म्हणायचं. मग आपण हळूच थांबायचं आणि त्यांना पुढं जाऊ द्यायचं. एकट्याला सुरुवात होत नाही. आजपर्यंत मी म्हणत होते. उद्या सकाळी माझी गाडी आहे, मी शिकवते ती शाळा सुरू होते. अम्मी असती तर प्रश्न नव्हता. मागं राहतात हे दोघंच.

मौलाना: अच्छा. म्हणजे अब्बांचं काही अडलेलं नाही. अडलंय तुझं.

थोरला: माझं काय अडायचंय?

मौलाना: मग गा की.

थोरला: कसं गाऊ? तुम्हाला सगळं सोपं वाटतं! मी त्यांना गप्प केलं, साहेब. माझ्या तोंडानं. आणि त्यांनी ऐकलं, कारण मी सांगितलं होतं म्हणून, त्यांना पटलं होतं म्हणून नव्हे. आता मीच त्यांच्यासमोर बसून गायला लागलो, तर ती दोन वर्षं कशासाठी गेली? ते माझ्याकडं बघतील ना. त्यांना सगळं समजतं. बोलता येत नाही, पण बघतील. हराम निघालं तर बरं, असं वाटतं मला. निदान म्हणता येईल, माझं बरोबर होतं.



धाकटी: चौदा प्रश्न कशाला लिहिलेस मग? हा एकच विचारायचास.

थोरला: हा लिहिता येत नव्हता.

मौलाना: आता माझंही ऐक. वाद्याचं तुला जे पटलंय, ते तू पाळ. त्यात मी पडत नाही. मलाही सगळं गाणं चालतं असं नाही. पण याचं उत्तर माझ्याकडं नाही, किताबातही नाही. ज्याला गप्प केलंस त्याला विचार.

(आतल्या खोलीतून खाट करकरते.)

धाकटी: उठले. साहेब, तुमचा आवाज ऐकला वाटतं. या, आत या. अब्बा, बघा कोण आलंय.

मौलाना: सलाम, टेलर मास्तर! अरे, पडून राहा, पडून राहा. उठू नका.

अब्बा: उ... उ...

थोरला: उशी हवी का, अब्बा? उकडतंय का? पंखा वाढवू?

अब्बा: उ... उ... उ...

धाकटी: भाई, काय हवंय ते तुला कळलंय. मौलाना समोर उभे आहेत आणि हे आडवे. लाजतायत.

थोरला: मग बसव ना त्यांना!

धाकटी: बाईंनी काय सांगितलंय? ते म्हणाल्याशिवाय आपण करायचं नाही.

थोरला: तू म्हण त्यांच्यासोबत. आजचा दिवस.

धाकटी: नाही. मी इथं दारात उभी आहे, इथून हलणार नाही. उद्या मी नसले तर ते असेच पडून राहणार का?

अब्बा: उ... उ...

थोरला: मौलाना साहेब...

मौलाना: माझ्याकडं बघू नकोस. ते तुझ्याकडं बघतायत.

थोरला: अब्बा. हात द्या. हा नाही, डावा. हं. असं. ...उ-ठव म-ला. उ-ठव म-ला.

धाकटी: ते दोन सुरांतलं नको रे. त्यांचं म्हण. मशीनवरचं.

थोरला: ...उठव मला रे... उठव मला...

अब्बा: उ... ठ...

थोरला: उठव मला रे... उठव मला...

अब्बा: उठ... व मला... रे, उठव... मला.

धाकटी: भाई, थांब आता. तू थांब. त्यांना जाऊ दे पुढं.

अब्बा: उठव मला रे... उठव मला.

मौलाना: यांच्या मानेमागून हात घाल. मी इकडून धरतो. हां, बिस्मिल्लाह. बसले! मास्तर, आता कसं वाटतं?

अब्बा: बे...

थोरला: काय, अब्बा? बेचैन वाटतंय? पुन्हा आडवं करू?

अब्बा: बे... बे... सूर.

धाकटी: काय म्हणाले?

मौलाना: बेसूर म्हणाले. मला नव्हे. याला.

थोरला: हो, अब्बा. सवय राहिली नाही.