आधीचा व्हिडिओ

मी तिरोड्याकडचा, पोवाराचा पोरगा. बांधीत धान अन् घरात पोवारी बोली, शाळेत मराठी पुस्तक हाती आलं का माही जीभच अडे. म्हणून मास्तर झालो असं नाई बरं, नोकरी लवकर लागते म्हणून झालो. आता केसं पिकले. अर्जुनी मोरगावच्या अंगाला, जंगलाच्या काठावर, दोन मास्तरायची शाळा आहे आमची.

काय सांगू तुमाले, आमच्या पोरायले वाचता येत नाई असं नाई, त्यायले लाज लागते. मंग मी एक केलो, माह्या साध्या मोबाईलमधी एकेकाचं वाचन भरून घ्यायचं अन् डब्यायेवढ्या स्पीकरवर त्यालेच आयकवायचं. बस, यवढंच. आपलाच आवाज आयकून पोरं हासत, मंग म्हणत, सर, इथं चुकलं, अजून एक डाव भरा. तिसरीतली पायल, जिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, ती दिवाळीपर्यंत अख्खी गोष्ट वाचाले लागली. तिचा बाप कोहमाऱ्याले ढाब्यावर रोट्या करते. सुट्टीत आला तं मी त्याले बसवून तिचं वाचन आयकवलो. रडला हो तो माणूस.

मंग केंद्रप्रमुख म्हणाले, मास्तरायच्या शिक्षण परिषदेत मांडा हे, पण आधीचा अन् नंतरचा असे दोन व्हिडिओ पाहिजेत. नंतरचा तं तवाच काढता आला. आधीचा कुठून आणू? आवाज भरत होतो अन् पुसत होतो, मोबाईल भरून जाये ना. इथंच माही मती गेली. पायलले बाजूले बोलावलो, म्हणलो, बाई, पहिले वाचत होतीस तसं जरा अडखळत वाच. ती माह्या तोंडाकडं पाहून राहिली. काऊन सर, म्हणे, मले येते ना आता. मी म्हणलो, येते, मले माईत आहे, पण सरचं काम आहे. वाचली बिचारी. मधीच एक ओळ चांगली वाचून गेली तं मीच म्हणलो, नाई, अजून खराब. लाज वाटते सांगाले. अजून खराब, असं म्हणलो मी.

परिषदेत टाळ्या वाजल्या, प्रमाणपत्र भेटलं. व्हिडिओ मास्तरायच्या ग्रुपवर गेले, तिथून गावोगाव गेले. पण दोन्ही कोण पाहते? लोकायले हासाले पाहिजे, त्यायनं आधीचाच पुढं ढकलला. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर कोण्या ड्रायव्हरनं तिच्या बापालेच दाखवलन, म्हणे, हे तुहीच पोरगी ना, धडाधड वाचते म्हणून सांगत होतास?

दुसऱ्याच दिवशी बाप शाळेत. चप्पल बाहेर काढून आत आला, आवाज चढवला नाई, चढवला असता तं बरं झालं असतं. म्हणे, गुरुजी, खरं कोणतं? मले आयकवलं ते का हे? पोरगी म्हणते सरनंच खराब वाचाले सांगतलं. मी दोन लगावल्या तिले, गुरुजीचं नाव घेऊन खोटं बोलते म्हणून.

अन् मी काय म्हणलो माईत आहे? म्हणलो, जाऊ द्या, लहान आहे. जाऊ द्या म्हणलो हो! पोरगी दाराशी उभी राहून आयकून राहिली होती.

तीन दिवस ती शाळेत आली नाई. चौथ्या दिवशी मी कोहमाऱ्याले गेलो, ढाब्यावर चार लोकायसमोर सांगतलो, पोरगी खरी आहे, खोटा मी आहे. बापानं हातातली रोटी तव्यावर टाकली, म्हणे, जेवून जा गुरुजी. जोडा हाणला असता तं सोसलं असतं. जेवलो. प्रमाणपत्र वापस केलो का म्हणता? नाई केलो. तेवढी छाती नाई माही. कपाटात पालथं पडून आहे.

आता ती चौथीत आहे. रोज येते, माह्याशी बोलते, मनात काही ठेवलन असं दिसत नाई. स्पीकर चालूच आहे, त्याचा काय दोष? पण मी मोबाईल तिच्यासमोर धरलो का ती पुस्तक उघडते अन् सरळ मनानं विचारते, सर, कसी वाचू, चांगली का खराब? देव भलं करो त्या लेकराचं. मी म्हणतो, चांगली बाई, चांगलीच. तरी दर डाव विचारते.