किसनभाऊनं पेचानं बसवलेला पूल

मंडळी, हातातली कामं टाकून तुमी सारे आले, किसनभाऊच्या बायकोले, आपल्या वैनीले, बरं वाटलं. मले सभेत बोलाची सवय नाही. किसन सुतार, माहा जोडीदार, परवा गेला. त्याच्याबद्दल ‘होता’ म्हनताना जीभ अडते. पन खरं सांगू? आज रडू येत नाही. हलकं वाटून राह्यलं.

दम्यानं त्याले किती छळलं, तुमी पाह्यलं. भिंतीले टेकून बसाचा. आडवं होता येत नव्हतं. परवा सकाळी उशीवर डोकं ठेवून झोपला. वैनी मले म्हने, “भाऊजी, पाहा ना, किती शांत निजले!” तो गेलाच होता. वैनीनं डोळे पुसले अन् म्हने, “सुटले एकदाचे.”

मंडळी, नाल्यावरचा पयला लाकडी पूल खिळ्यांचा होता. पावसाळ्यात खिळे ढिले झाले, फळी उलटली, अन् माही बायको जनाबाई पान्यात पडली. पाय मोडला. आमच्या वस्तीतून गावात याची तीच एक वाट. तवा किसनभाऊ गावातून आपून होऊन आमच्या वस्तीत, माह्या घरी आला. म्हने, “पुंडलिक, नव्या फळ्या पेचानं बसवू. चाल माह्यासंगं.”

पेच म्हंजे पिळून बसवाचे स्क्रू, बोटाएवढे जाड! सागवानात आधी गिरमिटानं भोक पाडाचं, पेचाले मेन लावाचं, मंग दोघांनी समोरासमोर बसाचं. एकानं छातीनं दाबाचं, दुसऱ्यानं पिळाचं. तळहाताले फोड आले. लोक म्हनत, “काहून एवढा कुटाना? ठोका खिळे अन् मोकळे व्हा.” किसनभाऊ म्हने, “लाकूड पान्यानं फुगते, उन्हानं आटते. खिळा वर येते. पेच धरून राह्यते.”

मंग बुद्धजयंती आली. दीक्षेनंतरची आमची पयली मिरवनूक. गंज लोक, पाय ठेवाले जागा नाही! ढोल वाजून राह्यला, अन् सारेच एकदम पुलावर चढलो. जनाबाई काठी टेकत मधात. फळ्या करकरल्या. म्या वाकून पाह्यलं, तं किसनभाऊ खाली कोरड्या नाल्यात, तुळईले हात लावून उभा!

ओरडला, “ढोल थांबवा! एका तालात नाचू नका! सुटे सुटे चाला!”

म्या म्हटलं, “भाऊ, खालून सरक! पडलं तं?”

“पडाले लागलं तं मले आधी समजन. चाल तू!”

सारे पार झाले. एक फळी हालली नाही. किसनभाऊ वर आला, घामानं भिजलेला, अन् पुलावरच बसला. हसला. हसता हसता रडला. जनाबाईनं आमच्या मडक्यातलं पानी त्याच्यापुढं धरलं. गावातले सारे पाहून राह्यले होते. तो घटाघटा पेला. अन् म्हने, “वैनी, अजून द्या.”

सांगा, असा मानूस श्वासासाठी तडफडताना कसा पाहवत होता आपल्याले? आता ती तडफड नाही.

उभे राहा, मंडळी. जराक वेळ कोनी बोलू नका. लहान लेकरं बोलली, तं बोलू द्या. किसनभाऊ, आमच्या वस्तीचा जयभीम घे. तुह्या घरच्या रीतीनं रामराम घे. नीज आता निवांत.